युगोस्लाव्ह लष्करी सन्मानचिन्हे : किंमत वर्गावर ठरत नाही

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. 2009 साली नोकरीनिमित्त श्टुटगार्टला असताना आपण शनिवारच्या जुन्या बाजारातून पाच युगोस्लाव्ह लष्करी सन्मानचिन्हे मिळून 140 युरोंना घेतलीत. त्यात शौर्याची ऑर्डर (ऑर्डर म्हणजे पदकाहून वरच्या दर्जाचे सन्मानचिन्ह), शौर्यपदक, सोनेरी तलवारींची लष्करी सेवेची ऑर्डर, रुपेरी ताऱ्याची जनसेनेची ऑर्डर आणि मागे स्क्रू असलेला, तिसऱ्या वर्गाचा पार्टिझन तारा आहे. जनसेनेच्या ऑर्डरीसोबत एका कॅप्टनच्या नावाची सनदही आहे. आता नाशिकला परतल्यावर आपल्याला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत : यांची किंमत वाढली आहे का, वस्तू खऱ्या आहेत का, आणि गुंतवणूक म्हणून आणखी घ्याव्यात का. मी गेली सव्वीस वर्षे प्रामुख्याने याच एका विषयाचा संग्रह करतो आहे आणि त्यातली बरीच वर्षे व्हिएन्नात काढली आहेत. त्यामुळे तिन्ही प्रश्नांची उत्तरे देतो; मात्र क्रम बदलून, कारण वस्तू कुठे आणि केव्हा घडली हे समजल्याशिवाय किमतीबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

नवा संग्राहक बहुतेक वेळा श्रेणी पाहून किंमत ठरवतो. पहिला वर्ग महाग, तिसरा स्वस्त आणि शौर्याचा सन्मान सेवेच्या सन्मानाहून महाग, असा त्याचा हिशेब असतो. युगोस्लाव्ह वस्तूंच्या बाबतीत हा हिशेब वारंवार चुकतो. इथे एकाच नावाच्या, एकाच वर्गाच्या दोन ऑर्डरींच्या किमतीत दहापट अंतर असू शकते, आणि ते अंतर दिसते ते पुढच्या बाजूला नव्हे, तर मागच्या बाजूला.

याचे कारण या सन्मानांच्या जन्मकथेत आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन आक्रमणाविरुद्ध डोंगरांतून गनिमी काव्याने लढणाऱ्या, पुढे देशाचे प्रमुख झालेल्या टिटोंच्या पार्टिझन सेनेच्या सर्वोच्च मुख्यालयाने 15 ऑगस्ट 1943 रोजी एकाच वेळी अनेक सन्मान स्थापन केले : जनवीराची ऑर्डर, जनमुक्तीची ऑर्डर, तीन वर्गांचा पार्टिझन तारा, बंधुता व एकतेची ऑर्डर, आणि शौर्याची ऑर्डर. बॉस्नियातल्या सुतिएस्काच्या लढाईतून ही सेना जबर हानी सोसून बाहेर पडली, त्याला तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. डोंगरात फिरणाऱ्या त्या सेनेकडे टांकसाळ कुठून असणार? हुकूम निघाला, मानकऱ्यांची नावे जाहीर होऊ लागली, पण छातीवर लावायला धातू नव्हता. तो धातू आला सोव्हिएत संघातून. 1944-45च्या सुमारास मॉस्कोत घडवलेली ही पहिली खेप मागे स्क्रू आणि नट असलेली, क्रमांक दिलेली आणि सोव्हिएत ऑर्डरींच्या तोडीची आहे. तिचे मीनाकाम दाट, काठ नेटके आणि ठसा खोल असतो. युद्ध संपल्यावर हळूहळू हे काम देशात आले. 28 जून 1948 रोजी कॉमिनफॉर्म या कम्युनिस्ट पक्षांच्या संघटनेच्या ठरावाने टिटो आणि स्टालिन यांच्यात उघड फूट पडली, आणि मॉस्कोची वाट बंदच झाली. देशातल्या सुरुवातीच्या चिन्हांनाही मागे स्क्रूच होता. पुढे त्याची जागा आडव्या पिनेने घेतली. नंतरच्या काळातल्या ज्या असंख्य डबीबंद ऑर्डरी आज बाजारात दिसतात, त्यांतील बहुतेकांच्या मागे झाग्रेबच्या इकोम कारखान्याची खूण असते किंवा त्या बेलग्रेडच्या सरकारी नोटा-नाणी छापखान्यातून आलेल्या असतात.

त्यामुळे संग्राहक एखादा पार्टिझन तारा हातात घेतो तेव्हा तो आधी उलटा करून पाहतो. मॉस्कोचा स्क्रू, देशी स्क्रू की पिन, या तीन शब्दांत किमतीचा बहुतेक निर्णय होऊन जातो. पिनेचा, इकोमचा, तिसऱ्या वर्गाचा तारा आज साधारणपणे दोन आकडी युरोंत मिळतो. तोच तारा मॉस्कोचा असेल तर तीन आकडी होतो, आणि त्यासोबत क्रमांकाशी जुळणारा मानकऱ्याचा कागद असेल तर त्याहून बराच वर जातो. मी मुद्दाम आकड्यांची संख्या सांगतो आहे, नेमकी रक्कम नाही. एखाद्या लिलावात दोन हट्टी बोली लावणारे समोरासमोर आले की निघणारी किंमत पुढच्या लिलावात टिकत नाही, आणि अशा एका आकड्यावर विसंबून खरेदी करणारी माणसे मी पस्तावताना पाहिली आहेत.

आता आपल्या पाच वस्तूंकडे पाहू. शौर्याची ऑर्डर हे नाव ऐकून फार दुर्मिळ वस्तू असावी असे वाटते, परंतु ती मोठ्या संख्येने दिली गेली, आणि आपण पाठवलेल्या छायाचित्रावरून आपली ऑर्डर पिनेची, उत्तरकाळातील आहे. अनेक मानकऱ्यांना युद्धानंतर मूळ चिन्हाच्या जागी नवे चिन्ह मिळाले किंवा त्यांनी ते मागवून घेतले. म्हणजे 1944 साली बॉस्नियाच्या डोंगरात दाखवलेल्या शौर्याचे चिन्ह पुढच्या दशकांत घडवलेले असू शकते. त्यात खोटे काहीच नाही, पण बाजार त्याला पहिल्या खेपेचा भाव देत नाही. शौर्यपदकाची गोष्ट तशीच आहे, फक्त संख्या आणखी मोठी. सोनेरी तलवारींची लष्करी सेवेची ऑर्डर आणि रुपेरी ताऱ्याची जनसेनेची ऑर्डर या दोन्ही 29 डिसेंबर 1951 रोजी स्थापन झालेल्या मालिकेतल्या. त्या शांतताकाळातल्या सैन्याच्या वस्तू आहेत : चोख कामगिरी, उत्तम प्रशिक्षण, दीर्घ सेवा यांबद्दल अधिकाऱ्यांना मिळालेल्या. युगोस्लाव्ह जनसेना हे युरोपातल्या मोठ्या सैन्यांपैकी एक होते आणि ती चार दशके शांततेत उभी होती, म्हणून अशा ऑर्डरी विपुल आहेत. याच 1951च्या दिवशी स्थापन झालेली युद्धध्वजाची ऑर्डर मात्र वेगळी. ती युद्धात नेतृत्व केलेल्या सेनानींसाठी होती, फार थोड्यांना मिळाली, आणि कुणी दोन आकडी युरोंत देऊ करत असेल तर ती खरी नाही असे गृहीत धरावे.

आपला पार्टिझन तारा हाच या पाचांतला खरा प्रश्न आहे. छायाचित्रात स्क्रू दिसतो, क्रमांक अर्धवट दिसतो, आणि मला एक शंका आहे. ती सांगण्याआधी माझ्याकडून झालेली एक चूक सांगतो, म्हणजे शंकेचे स्वरूप लक्षात येईल.

2004 साली मी एका व्यापाऱ्याकडून मॉस्कोचा म्हणून दुसऱ्या वर्गाचा तारा 380 युरोंना घेतला. मीना अस्सल काचेचा होता, चांदी अस्सल होती, ठशाचे काम स्वच्छ होते. चार महिन्यांनी एका ज्येष्ठ संग्राहकाने तो दहापट भिंगाखाली धरला आणि स्क्रूच्या मुळाशी बोट ठेवले. तिथल्या डाखाचा रंग भोवतालच्या चांदीपेक्षा किंचित पिवळट होता, आणि त्या डाखाखाली दोन बारीक अर्धगोल ओरखडे होते. पूर्वी तिथे पिनेची बिजागरी आणि आकडी होती. कुणीतरी उत्तरकाळातला देशी तारा घेऊन त्याची पिन काढली होती, पाठ घासली होती, जुन्या सोव्हिएत चिन्हाचा स्क्रू बसवला होता, आणि क्रमांक नव्याने ठोकला होता. वस्तूचा प्रत्येक भाग खरा होता आणि तरीही वस्तू खोटी होती. त्या दिवसापासून मी मीनाकामापेक्षा डाखाकडे जास्त वेळ पाहतो.

आपल्या ताऱ्याबाबत हेच तपासायचे आहे. स्क्रूच्या मुळाशी चांदीचा रंग एकसारखा आहे का, पाठीवर घासल्याच्या समांतर रेषा आहेत का, आणि क्रमांकाचे अंक सारख्या खोलीचे व एकाच वळणाचे आहेत का, हे पाहावे. शक्य असेल तर शंभरांश ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर नट काढून वजन करावे आणि व्हर्नियर कॅलिपरने टोकापासून टोकापर्यंत माप घ्यावे. साच्यात ओतून केलेली नक्कल गार होताना आक्रसते, म्हणून ती मूळ ठशाच्या वस्तूपेक्षा किंचित लहान निघते. तिच्या पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसतात आणि बारीक रेषा बोथट असतात. अतिनील दिव्याखाली दुरुस्त केलेला मीनाही लगेच ओळखू येतो, कारण रंगलेप किंवा इपॉक्सी काचेपेक्षा वेगळा चमकतो. नाशिकमध्ये एखाद्या जुन्या सराफाकडे भिंग आणि काटा दोन्ही मिळतील. त्याला युगोस्लाव्हिया ठाऊक असण्याची गरज नाही, पण डाख नवा की जुना हे तो आपल्यापेक्षा चांगले सांगेल. त्याला फक्त एकच गोष्ट बजावून सांगावी, की वस्तू पुसायची नाही, उजळायची नाही, आम्लात घालायची नाही.

किमतींचा इतिहास आता सांगतो, कारण आपला मूळ प्रश्न तोच आहे, आणि हा इतिहास त्या देशाच्या नशिबाशी इतका बांधलेला आहे की दोन्ही वेगळे करता येत नाहीत.

देश अखंड होता तोवर मायदेशी या वस्तूंचा बाजार जवळजवळ नव्हता. मानकरी हयात होते आणि त्या चिन्हांना व्यवहारात वजन होते. ‘पार्टिझन स्मृतिचिन्ह 1941’ ज्याच्याकडे असे, तो पहिल्याच वर्षी लढ्यात उतरलेला माणूस; त्याला निवृत्तिवेतनापासून अनेक बाबतींत विशेष सवलती होत्या. अशी वस्तू कुणी विकत नसे. बाहेर पडत ते बहुधा परदेशी मानकऱ्यांचे संच. युद्धकाळात टिटोंकडे पाठवलेल्या ब्रिटिश पथकाचे प्रमुख फिट्झरॉय मॅक्लिन यांना पार्टिझन तारा मिळाला होता. सोव्हिएत मार्शल तोल्बुखिन हे युगोस्लाव्हियाचे जनवीर होते. अशा नावाच्या वस्तू तेव्हाही महाग होत्या आणि आजही आहेत. आपल्याला श्टुटगार्टला या वस्तू का मिळाल्या याचेही उत्तर इथेच आहे. 1968 साली पश्चिम जर्मनी आणि युगोस्लाव्हिया यांच्यात कामगारभरतीचा करार झाला आणि लाखो माणसे म्युनिक, श्टुटगार्ट, फ्रांकफुर्टला गेली. त्यांच्या वडिलांची चिन्हे त्यांच्या सामानातून गेली आणि एका पिढीनंतर जुन्या बाजारात आली.

25 जून 1991 रोजी या संघराज्यातल्या स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया यांनी स्वातंत्र्य जाहीर केले, देश युद्धात फुटला, आणि त्यानंतर जे घडले ते संग्राहकाने पूर्ण आदराने लक्षात ठेवले पाहिजे, कारण आज आपल्या हाती येणाऱ्या अनेक वस्तू त्या दुःखातून बाहेर पडलेल्या आहेत. बेलग्रेडमध्ये 1993 साली 500 अब्ज दिनारची नोट निघाली. जानेवारी 1994मध्ये एका महिन्याची महागाई 31 कोटी टक्क्यांहून अधिक झाली. निवृत्तिवेतनात पाव घेणे कठीण झालेल्या वृद्ध सैनिकांनी कालेमेग्दान किल्ल्याच्या वाटेवर चादर पसरून आपली चिन्हे जर्मन मार्कांत विकली. झाग्रेबच्या ब्रिटिश चौकात रविवारी, ल्युब्लियानाला नदीकाठी, सारायेव्होच्या बाश्चार्शिया या जुन्या बाजारपेठेत हेच दृश्य होते. शिवाय गोदामांत कुणालाही न दिलेल्या, डबीत बंद असलेल्या ऑर्डरींचा मोठा साठा होता, आणि तो देश फुटल्यावर पेट्यांच्या पेट्यांनी बाहेर पडला. त्यामुळे साध्या वर्गांच्या किमती तळाला गेल्या. मी 1998 साली सुरुवात केली तेव्हा व्हिएन्नाच्या नाशमार्क्ट बाजारात डबीसकट ऑर्डर एका साध्या जेवणाच्या पैशांत मिळे. तो साठा अजून पूर्ण जिरलेला नाही. आपण घेतलेल्या शौर्याच्या ऑर्डरीसारख्या वस्तूंची किंमत 2009पासून फारशी का हलली नाही, याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. संख्या प्रचंड, वस्तू नवीकोरी, आणि तिच्यामागे माणूस नाही.

2000नंतर दोन गोष्टी बदलल्या. इंटरनेटवरील लिलावांमुळे ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि जर्मनीत विखुरलेली युगोस्लाव्ह कुटुंबे एका बाजारात आली, आणि हरवलेल्या देशाची ओढ असलेला एक मोठा वर्ग खरेदीला उतरला. त्याच सुमारास रशियातील संग्राहकांकडे पैसा आला. त्यांच्या दृष्टीने मॉस्कोचा पार्टिझन तारा ही सोव्हिएत टांकसाळीची दुर्मिळ वस्तू होती, युगोस्लाव्ह वस्तू नव्हे. ऑक्टोबर 1944मध्ये बेलग्रेडच्या मुक्तीत लाल सैन्य सहभागी झाले होते आणि त्यातील अनेकांना ही चिन्हे मिळाली होती, हेही त्यांच्या ओढीचे कारण होते. या मागणीने मॉस्कोच्या वस्तूंचा भाव देशी वस्तूंपासून कायमचा तोडला. 2008च्या आर्थिक संकटाने तो खाली आला, 2014मध्ये रुबल घसरल्यावर आणखी बसला, आणि 2022नंतर निर्बंधांमुळे रशियन खरेदीदारांना पश्चिमेतल्या लिलावगृहांशी पैशांचा व पार्सलांचा व्यवहार करणे फार अवघड झाले. माझ्या अनुभवात या काळात मॉस्कोच्या मधल्या दर्जाच्या, खवले उडालेल्या, कागद नसलेल्या वस्तू मागे पडल्या. उत्तम स्थितीतल्या आणि कागद असलेल्या वस्तूंनी मात्र भाव टिकवला, कारण त्या घेणारे आता सर्बिया, क्रोएशिया आणि स्लोव्हेनियातलेच आहेत.

दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या राजेशाहीच्या काळातील वस्तूंनी वेगळी वाट धरली. काराजॉर्जेचा तारा 1904 साली, काराजॉर्जेने नेतृत्व केलेल्या पहिल्या सर्बियन उठावाच्या शताब्दीला, राजा पहिला पेतार याने स्थापन केला. श्वेत गरुडाची ऑर्डर 1883ची. समाजवादी राज्यात यांना स्थान नव्हते, घराघरांत त्या लपवून ठेवल्या गेल्या. राजकीय हवा बदलल्यावर, आणि 2009च्या कायद्याने आजच्या सर्बियाने काराजॉर्जेच्या ताऱ्याचे नाव पुन्हा आपल्या सन्मानांत घेतल्यावर, सर्बियातल्या खरेदीदारांनी त्यांना उचलून धरले. तलवारींसह असलेला चौथ्या वर्गाचा काराजॉर्जे ताराही आज चांगल्या भावात जातो. पॅरिस, व्हिएन्ना, स्वित्झर्लंड अशा अनेक ठिकाणच्या कारागिरांनी तो घडवला, त्यामुळे नकली मालही तितकाच विविध आहे. पहिली काही वर्षे त्याच्या वाटेला जाऊ नये.

इथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवावीशी वाटते, कारण ती आपल्या घरांशी जोडलेली आहे. पहिल्या महायुद्धात सर्बियाने मित्रराष्ट्रांच्या सैनिकांना तलवारींसह काराजॉर्जे चिन्हे दिली, आणि त्यांत ब्रिटिश भारतीय सैन्यातले जवानही होते. सातारा, रत्नागिरी किंवा कोल्हापूरकडच्या एखाद्या जुन्या सैनिकी घरात तलवारींचा, सिरिलिक (सर्बियन लिपीतील) अक्षरे असलेला तारा निघाला, तर तो कुणा पाहुण्याने आणलेला खेळ नसून पणजोबांचा सन्मान असू शकतो. अशी वस्तू इतर ब्रिटिश पदकांपासून वेगळी करून विकणे हे मोठे नुकसान आहे, पैशाचेही आणि इतिहासाचेही. त्यातच शंभर वर्षांहून जुन्या वस्तूला आपल्याकडे 1972चा पुरावशेष कायदा लागू होतो, त्यामुळे ती देशाबाहेर पाठवण्याचा विचार करण्याआधी नियम विचारून घ्यावेत.

वर्गश्रेणीच्या अगदी टोकाला असलेल्या वस्तूंबद्दल थोडक्यातच सांगतो. जनवीराची ऑर्डर सोन्याची, एकूण 1,322 जणांना दिलेली, आणि त्यांतल्या फार मोठ्या संख्येला मरणोत्तर. टिटोंना ती तीनदा मिळाली. पहिले जनवीर पेतार लेकोविच हे ती धातूत घडण्यापूर्वीच, 1942 साली, लढाईत पडले. तिची किंमत चार आकडी युरोंत सुरू होते, आणि बाजारातल्या नकलांची संख्या खऱ्यांपेक्षा जास्त आहे असे मी निःशंकपणे म्हणतो. स्वातंत्र्याची ऑर्डर आणि युगोस्लाव्ह महातारा या हिरेमाणकांच्या वस्तू आहेत. त्या संग्रहालयात पाहाव्यात.

उलट, ज्याकडे अजून पुरेसे लक्ष गेलेले नाही, असा एक कप्पा आहे. 1992 साली सर्बिया आणि मॉन्टेनेग्रो यांनी मिळून जे छोटे युगोस्लाव्हिया केले, त्याने 1998च्या कायद्याने स्वतःची सन्मानमालिका आणली. 1999च्या नाटो बॉम्बहल्ल्यांनंतर त्यातील लष्करी ऑर्डरी दिल्या गेल्या, आणि 2006मध्ये तेही राज्य संपले. जुन्या संघराज्याच्या तुलनेत ही संख्या फार लहान आहे. दिसायला त्या जुन्यांसारख्याच असल्याने अनेक विक्रेते त्यांना जुन्याच भावात विकत होते. गेल्या काही वर्षांत हे थांबले आहे. मी स्वतः या काळातील कागद असलेल्या वस्तू मिळतील तेव्हा घेतो.

कागदाबद्दल आता सविस्तर, कारण आपण घेतलेल्या सगळ्यांत अभ्यासाच्या दृष्टीने माझ्या मते सर्वांत मोलाची वस्तू तारा नसून ती सनद आहे. युगोस्लाव्ह सनदेवर राज्याचे चिन्ह, मानकऱ्याचे नाव आणि हुद्दा, हुकुमाचा क्रमांक व दिनांक असतो. राज्यचिन्हावरच्या मशाली मोजल्या की काळ कळतो : 1963पर्यंत पाच मशाली, त्या वर्षीच्या राज्यघटनेनंतर सहा. संक्षेपही बदलतो, आधी फ.न.र.य. (संघीय जनप्रजासत्ताक युगोस्लाव्हिया), नंतर स.फ.र.य. (समाजवादी संघीय प्रजासत्ताक युगोस्लाव्हिया). सहा मशालींच्या सनदेबरोबर 1950च्या दशकातली तारीख आली, तर एक तर ती नंतर दिलेली प्रत आहे किंवा जुळवाजुळव आहे. नाव वाचता आले की माणूस शोधता येतो. सैन्यातील नोंदी, त्याच्या गावाचे स्मारक, त्याच्या ब्रिगेडचा इतिहास यांतून एखाद्या रुपेरी ताऱ्यामागे संपूर्ण आयुष्य उभे राहते. बाजारही याला किंमत देतो. नुसती रुपेरी ताऱ्याची ऑर्डर आणि त्याच माणसाच्या सनदा, ओळखपत्र, गणवेशातील छायाचित्र यांसह असलेला संच, यांच्या भावात तीन-चारपट अंतर मी अनेकदा पाहिले आहे. दुर्दैवाने व्यापारी संच फोडतात, कारण पाच वस्तू पाच गिऱ्हाइकांना विकणे सोपे असते. फुटलेला संच पुन्हा जुळत नाही.

नाव असलेल्या वस्तूबरोबर एक जबाबदारीही येते. 1991 ते 1995च्या युद्धात हजारो घरे लुटली गेली, आणि त्या लुटीत पदकेही होती. म्हणून नाव असलेली वस्तू घेताना ती कुणाकडून आली हे मी विचारतो आणि उत्तर टाळले गेले तर सोडून देतो. दोन वेळा मानकऱ्याच्या नातवंडांचा पत्ता लागल्यावर मी वस्तू घेतलेल्या किमतीला त्यांना परत दिली आहे. हा व्यवहाराचा भाग म्हणूनच मी मानतो.

आता गुंतवणुकीचा प्रश्न. साध्या वर्गाच्या, पिनेच्या, कागद नसलेल्या ऑर्डरी गुंतवणूक म्हणून घेऊ नयेत. विकताना लिलावगृह खरेदीदाराकडून 20 ते 25 टक्के अधिभार घेते, विक्रेत्याकडूनही काही टक्के कापते, त्यावर टपाल, विमा आणि सीमाशुल्क येते. म्हणजे वस्तूची किंमत दीडपट झाली तरी आपल्या हाती मूळ पैसेच उरतात. चांदीचा भाव चढला की चांदीच्या ऑर्डरींना एक तळ मिळतो हे खरे, पण तो धातूचा तळ आहे आणि त्याची दुसरी बाजू अशी, की भाव फार चढला की काही लोक त्या वितळवतात. ज्याला पैसा टिकवायचा आहे त्याने वर्षाकाठी दहा वस्तू घेण्याऐवजी एकच घ्यावी : मॉस्कोची किंवा देशी स्क्रूची, मीना अखंड असलेली, आणि शक्यतो कागदासह. ज्याला अभ्यासाची आवड आहे त्याने मात्र साध्या वस्तूंपासूनच सुरुवात करावी, कारण इकोमचे पन्नास मागचे भाग हाताळल्याशिवाय एक खोटा मागचा भाग ओळखता येत नाही.

जपणुकीबद्दल आपण विचारलेले नाही, तरी नाशिकच्या पावसाळ्यात ती महत्त्वाची आहे. मऊ पीव्हीसीच्या पारदर्शक पिशव्यांतून निघणारे द्रव्य धातूवर हिरवट चिकट थर आणते, म्हणून त्या वापरू नयेत. रबरबँड आणि वर्तमानपत्राचा कागद यांमुळे चांदी काळी पडते. मूळ डबीतच, आम्लरहित कागदात, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावे आणि पुडी दर पावसाळ्याआधी बदलावी किंवा तापवून कोरडी करावी. त्रिकोणी घडीच्या फिती उन्हात ठेवू नयेत. आणि डबीत ऑर्डरीशेजारी असलेली छोटी फीतपट्टी हरवू देऊ नये. ती नसली की जाणकार खरेदीदार लगेच भाव कमी करतो.

आपल्या पाचांचा आजचा हिशेब सांगायचा तर चार वस्तू मिळून आपण दिलेल्या रकमेच्या आसपास किंवा थोड्या वर जातील, त्याहून फारशा नाहीत. तारा मॉस्कोचा ठरला तर एकटाच त्या सर्वांहून अधिक भरेल. पिन काढून स्क्रू बसवलेला निघाला तर त्याला अभ्यासाचा नमुना म्हणून ठेवावे आणि कुणालाही खरा म्हणून विकू नये. स्क्रूच्या मुळाचे, क्रमांकाचे आणि एका काठाचे जवळून काढलेले छायाचित्र, तसेच नट काढून घेतलेले वजन मला पाठवा, म्हणजे निश्चित सांगता येईल. सनदेवरील हुकुमाची तारीख आणि कॅप्टनच्या तुकडीचे नावही लिहून पाठवा, आणि तोपर्यंत ती सनद व रुपेरी तारा एकाच डबीत राहू द्या.